उंच फरसबंद ओट्याखालचा काँक्रीटचा थर: पातळ्या काढण्यापासून फरशी बसवण्याआधीच्या तपासणीपर्यंत

जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ओट्यावरची फरशी दोन-तीन वर्षांत हलू लागली, एका कोपऱ्यात पाणी साचू लागले किंवा मधोमध भेग गेली, की बहुतेक जण सिमेंट कमी पडले असे म्हणतात. अशा ओट्याची फरशी उचलून पाहिली तर काँक्रीट बहुधा ठीकच निघते. बिघाड त्याच्या खालच्या भरावात असतो, नाही तर उतार काढण्याच्या पद्धतीत असतो. म्हणून या लेखात काँक्रीट ओतण्याच्या दिवसापेक्षा त्याच्या आधीच्या कामाला अधिक जागा दिली आहे. पुढचे टप्पे त्याच क्रमाने करावेत, कारण यातील बऱ्याचशा चुका नंतर तोडफोड केल्याशिवाय दुरुस्त होत नाहीत.

ही पद्धत सुमारे ६०० मिमी उंचीपर्यंतच्या, माणसांच्या वावराच्या ओट्यासाठी आहे. त्याहून उंच ओट्यात कडेच्या भिंतीवर मातीचा दाब बराच वाढतो, त्यामुळे तिची जाडी आणि पाया इंजिनिअरकडून ठरवून घ्यावा. ओट्यावर गाडी उभी करायची असेल, तरीही हाच नियम लागू होतो.

टप्पा १ : पातळ्या वरून खाली काढा

काम खालून वर होत असले, तरी त्याचा हिशेब नेहमी वरून खाली करावा लागतो. हा हिशेब न करता खोदायला सुरुवात केली, की शेवटी फरशी दाराच्या उंबऱ्याला भिडते आणि मग मसाल्याची जाडी कमी करून वेळ निभावून न्यावी लागते.

तयार फरशीचा पृष्ठभाग घराच्या भिंतीतील ओलरोधक थराच्या (जमिनीची ओल भिंतीत वर चढू न देणाऱ्या थराच्या) किमान १५० मिमी खाली असावा, म्हणजे पावसाचे उडालेले पाणी त्या थराच्या वर जात नाही. दारापाशी इतके अंतर मिळत नसेल, तर ओटा भिंतीला न चिकटवता मध्ये ७५ ते १०० मिमीची मोकळी चर ठेवून तिच्या तळाशी पाणी वाहून नेणारी पन्हळ द्यावी. भिंतीतील हवेच्या जाळ्या ओट्याखाली गाडल्या जात नाहीत ना, हेही याच वेळी पाहावे.

उतार घरापासून बाहेरच्या दिशेने, मीटरमागे १२ ते १५ मिमी ठेवावा. फरशी खडबडीत असेल तर वरचा आकडा घ्यावा, कारण खडबडीत दगडावर पाणी अडून राहते.

एक उदाहरण घेऊ. ओटा घरापासून बाहेर ३ मीटर आणि लांबीला ४ मीटर आहे. घराची आतली जमीन शून्य पातळी मानली आणि ओलरोधक थर त्याच पातळीवर असला, तर फरशीचा माथा भिंतीपाशी १५० मिमी खाली येतो आणि ४० मिमी उतार धरून बाहेरच्या कडेला १९० मिमी खाली येतो. फरशी ३० मिमी आणि तिच्याखालचा मसाला ४० मिमी धरला, तर काँक्रीटचा माथा २२० आणि २६० वर आला. काँक्रीट १०० मिमी जाड, म्हणजे त्याचा तळ ३२० आणि ३६० वर. खाली १०० मिमी खडीचा थर, म्हणजे भरावाचा माथा ४२० आणि ४६० वर. या आकड्यांत एक गोष्ट लक्षात घ्यावी: प्रत्येक थराची जाडी दोन्ही टोकांना सारखीच आहे आणि ४० मिमीचा फरक अगदी भरावाच्या माथ्यापासून चालत आलेला आहे.

> इशारा : भराव सपाट ठेवून उतार मसाल्यात काढू नये. एका कडेला २० मिमी आणि दुसऱ्या कडेला ६० मिमी मसाला आला, की जाड बाजूचा मसाला जास्त आकसतो आणि तिथल्या फरश्या आधी पोकळ वाजू लागतात.

फरशीचे माप आणि तिची मांडणीही आत्ताच ठरवावी. काँक्रीटमध्ये जिथे सांधा (भेग ठरलेल्या रेषेवरच पडावी म्हणून काढलेली खाच) येईल, बरोबर त्याच्या डोक्यावर फरशीचीही दर्ज, म्हणजे दोन फरश्यांमधली फट, यावी लागते. ते जुळवायचे असेल, तर चार-पाच फरश्या जमिनीवर कोऱ्या मांडून, दर्जेची रुंदी धरून ओट्याची लांबी-रुंदी पक्की करणे हाच सोपा मार्ग आहे.

टप्पा २ : आखणी

ओट्याच्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर खुंट्या ठोकून दोरी बांधावी, म्हणजे खोदताना खुंट्या उखडत नाहीत. काटकोनासाठी लहान गुण्यावर विसंबू नये. एका दोरीवर ३ मीटर आणि दुसरीवर ४ मीटर मोजून खूण करावी. दोन्ही खुणांमधले तिरके अंतर बरोबर ५ मीटर आले, तर कोपरा काटकोनात आहे. शेवटी दोन्ही कर्ण मोजून ते सारखे भरतात का पाहावे आणि मगच फक्की टाकावी.

पातळी पाहण्यासाठी पारदर्शक नळीतले पाणी उत्तम काम देते, पण नळीत हवेचा एकही बुडबुडा नसावा. वाटाण्याएवढा बुडबुडा राहिला तरी दोन टोकांच्या पाण्यात काही मिलिमीटरचा फरक दिसू शकतो आणि ३ मीटरच्या ओट्यात एकूण उतारच ४० मिमी असतो. नळी भरल्यावर दोन्ही टोके शेजारीशेजारी धरावीत. पाणी एकाच उंचीवर थांबले, तरच ती वापरायला घ्यावी.

शून्य पातळीची खूण घराच्या भिंतीवर, काम संपेपर्यंत पुसली जाणार नाही अशा जागी करावी. पुढच्या प्रत्येक थराची पातळी त्या एकाच खुणेपासून मोजावी. खालच्या थरावरून वरचा थर मोजत गेले, की प्रत्येक थरातली चूक पुढच्या थरात मिळवली जाते.

टप्पा ३ : जमीन साफ करणे

गवत, मुळे आणि वरची काळपट माती पूर्ण काढावी, साधारण १५० मिमीपर्यंत. ही माती सेंद्रिय असते. ती कुजून बसते, म्हणून ती भरावातही परत टाकू नये. पाणी पिऊन फुगणारी आणि वाळल्यावर भेगाळणारी चिकणमाती लागली, तर आणखी खोल जाऊन ती जागा मुरमाने भरावी. जुने बुजवलेले खड्डे, पाइपांच्या चरी आणि झाडांची खोडे या वेळी सापडतील तितकी शोधावीत.

घराच्या भिंतीलगतचा पट्टा मात्र वेगळा तपासावा. घराचा पाया खणताना भिंतीच्या बाहेर काढलेली चर नंतर मातीने नुसती बुजवलेली असते आणि ती पुष्कळदा कधीच नीट दाबलेली नसते. मी पाहिलेल्या एका ओट्याला भिंतीपासून सुमारे दोन फुटांवर, भिंतीला अगदी समांतर अशी सरळ भेग गेली होती. तिथले काँक्रीट फोडल्यावर त्याच्या आणि मातीच्या मध्ये अख्खा पंजा आत जाईल एवढी पोकळी निघाली. काँक्रीट मजबूत होते, पण त्याच्याखालची माती निघून गेली होती.

> तपासणी : १२ मिमीची टोकदार सळई भिंतीपासून बाहेरपर्यंत दर अर्ध्या मीटरवर हाताच्या जोराने दाबून पाहावी. एखाद्या जागी ती सहज आत गेली, तर तेवढा भाग खणून काढावा आणि थराथराने पुन्हा भरून दाबावा.

ओट्याखालून जाणारे पाइप, विजेच्या तारांच्या नळ्या आणि चेंबरची उंची वाढवणे ही कामे इथेच संपवावीत.

टप्पा ४ : कडेची भिंत

भराव धरून ठेवणारी ही भिंत २३० मिमी जाडीची असावी आणि तिचा पाया न हललेल्या पक्क्या जमिनीवर बसावा. ४५० मिमी रुंद आणि १५० मिमी जाड काँक्रीटची पट्टी या उंचीला सहसा पुरते. भिंतीत जमिनीच्या थोडे वर, दर १ ते १.५ मीटरवर पाणी निघण्यासाठी पाइपचे तुकडे बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन बसवावेत. भिंतीच्या आतून, या छिद्रांच्या पातळीपासून वर १५० मिमी रुंदीचा स्वच्छ खडीचा पट्टा भरून तो गाळणी कापडाने भरावापासून वेगळा ठेवावा. हे कापड नसेल, तर मुरमाची बारीक माती पाण्याबरोबर छिद्रांतून वाहून जाते आणि आत पोकळी तयार होते.

भिंत बांधून झाल्यावर किमान सात दिवस तिच्यावर पाणी मारावे. तोपर्यंत भराव टाकू नये. ओल्या भिंतीमागे धुम्मस केल्याने बाहेर फुगलेली भिंत नंतर ओळंब्यात येत नाही.

काँक्रीटचा थर भिंतीच्या माथ्यावर टेकवावा की भिंतींच्या आत थांबवावा, यावर मतभेद आहेत. माझे मत स्पष्टपणे आत थांबवण्याच्या बाजूचे आहे. भिंत स्वतःच्या पायावर असते आणि थर भरावावर असतो. भराव ५ मिमी जरी बसला, तरी भिंतीवर टेकलेला थर भिंतीच्या आतल्या कडेवर मोडतो. दोन्हींच्या मध्ये १० ते १२ मिमी जाडीची दबणारी फोमची पट्टी ठेवली, तर दोघांना आपापल्या परीने हलायला जागा मिळते. घराच्या भिंतीलगत आणि ओट्यातून वर जाणाऱ्या खांबांभोवतीही हीच पट्टी ठेवावी.

टप्पा ५ : भराव

ओट्याचे आयुष्य या टप्प्यात ठरते.

भरावासाठी चांगला मुरूम किंवा लहान-मोठे कण मिसळलेली खडी वापरावी. बांधकामाचा राडारोडा टाकायचा मोह टाळावा. त्यात लाकूड, प्लास्टिक आणि जिप्समचे तुकडे असतात. लाकूड कुजते आणि जिप्सममधील सल्फेट ओलाव्यात काँक्रीटवर हल्ला करते. विटांचे मोठे तुकडे एकमेकांवर टेकून राहतात आणि मधल्या पोकळ्या दाबूनही भरत नाहीत.

भरायच्या आधी भिंतींच्या आतल्या बाजूला तळापासून दर १०० मिमीवर खडूने आडव्या रेषा ओढाव्यात. पहिला थर सुटा सुमारे १३० मिमी पसरावा. तो नीट दबला की रेषेला येतो. प्लेट कॉम्पॅक्टर (कंप देऊन भराव दाबणारे यंत्र) असेल तर प्रत्येक थरावर किमान चार फेऱ्या माराव्यात, त्यातल्या दोन उभ्या आणि दोन आडव्या. हाताने धुम्मस करायचे असेल, तर थर ७५ मिमीपेक्षा जाड ठेवू नये. कडेच्या भिंतीपासून अर्ध्या मीटरच्या आत यंत्र नेऊ नये. तिथे हातानेच धुम्मस करावे.

ओलावा पाहण्यासाठी मुरूम मुठीत घट्ट दाबावा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला आणि बोटाने दाबल्यावर दोन-तीन तुकड्यांत फुटला, तर ओलावा योग्य आहे. गोळाच होत नसेल तर पाणी शिंपडावे. हाताला पाणी सुटत असेल, तर माल पसरून वाळू द्यावा. कोरडा मुरूम कितीही ठोकला तरी त्याचे कण एकमेकांत सरकत नाहीत. वर टणक दिसणारा असा थर पहिल्या मोठ्या पावसात खाली बसतो.

धुम्मसाचा आवाजही ऐकावा. सुट्या थरावर तो बसका आणि दबका येतो. थर दबत जातो तसा आवाज कोरडा आणि खणखणीत होतो आणि धुम्मस हातात उसळी घेऊ लागते. सगळीकडे असा आवाज आल्याशिवाय पुढचा थर टाकू नये.

> सर्रास होणारी चूक : सगळा भराव एकदम टाकून वरून यंत्र फिरवणे. यंत्राचा दाब वरच्या १००–१५० मिमीतच चांगला पोहोचतो. खालचे ३०० मिमी सुटेच राहतात आणि वरून पाहणाऱ्याला ते कळत नाही.

वरच्या उदाहरणात मूळ जमीन ७०० मिमी खाली असेल आणि त्यातून १५० मिमी माती काढली असेल, तर भराव भिंतीपाशी ४३० आणि बाहेरच्या कडेला ३९० मिमी होतो. म्हणजे चार थर, आणि शेवटच्या थरात उतार. भराव पूर्ण झाल्यावर त्यावर दोन-तीन दिवस पाणी शिंपडून तो शक्य तितके दिवस तसाच ठेवावा. दोन आठवडे मिळाले तर फार चांगले. या काळात एखादा भाग खचला, तर तो पुन्हा भरून दाबणे हे अर्ध्या तासाचे काम आहे.

> तपासणी : टाचेवर सगळा भार देऊन चालावे. ठसा उमटता कामा नये. त्यानंतर शून्य खुणेपासून सहा-सात ठिकाणी पातळी मोजावी. फरक १० मिमीच्या आत असावा.

टप्पा ६ : खडी, प्लास्टिक, जाळी आणि सांधे

भरावावर १०० मिमी खडीचा थर दाबून बसवावा आणि त्याचा माथा बारीक कचाने बंद करावा. त्यावर २५० मायक्रॉनचे प्लास्टिक अंथरावे आणि जोडावर किमान १५० मिमी एकावर एक चढवावे. प्लास्टिकमुळे काँक्रीटमधले सिमेंटचे पाणी खाली झिरपत नाही. प्लास्टिक वापरणार नसाल, तर काँक्रीट ओतण्यापूर्वी खडी ओली करून घ्यावी, मात्र तिच्यात पाणी साचू देऊ नये.

जाळीमुळे भेग पडायची थांबत नाही. पडलेली भेग ती बारीक ठेवते आणि तिच्या दोन्ही कडा वर-खाली होऊ देत नाही. ६ मिमी सळईची, १५० ते २०० मिमी चौकटीची वेल्डेड जाळी पुरते. ती ५० मिमी उंचीच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, साधारण दर मीटरला एक ठोकळा ठेवून बसवावी. जोडावर एक चौकट आणि वर ५० मिमी एवढी चढवणी द्यावी. जाळी जमिनीवर अंथरून, काँक्रीट ओतल्यावर आकड्याने वर ओढायची पद्धत सर्वत्र दिसते. पण ओढलेली जाळी माणसाच्या पायाखाली पुन्हा तळाला जाते आणि तिथे तिचा काही उपयोग होत नाही.

आकसण्याच्या भेगांसाठी सांधे आपणच ठरवून द्यावे लागतात. १०० मिमी जाडीच्या थरात दोन सांध्यांमधले अंतर ३ मीटरपेक्षा जास्त नसावे आणि तयार होणारे खण शक्यतो चौरसाच्या जवळ जाणारे असावेत. ४ बाय ३ मीटरच्या ओट्यात मधोमध एक सांधा दिला, की २ बाय ३ चे दोन खण होतात. त्या रेषेची जागा टप्पा १ मधल्या फरशीच्या मांडणीशी जुळते का, हे पुन्हा तपासावे आणि काँक्रीटचा माथा धरण्यासाठी कडेला लावलेल्या फळ्यांवर दोन्ही बाजूंना खिळा ठोकून ती कायम करावी.

टप्पा ७ : मिश्रण

एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग २० मिमीपर्यंतची खडी हे प्रमाण घ्यावे. ५० किलोचे पोते साधारण ३५ लिटर भरते. आतून ४०० बाय ३५० मिमी आणि २५० मिमी उंच अशी लाकडी पेटी केली, की ती बरोबर ३५ लिटरची होते. एका पोत्याला वाळूच्या दीड आणि खडीच्या तीन पेट्या पडतात. घमेल्याने मोजू नये, कारण प्रत्येक माणूस घमेले वेगळे भरतो. ओलसर वाळू फुगलेली असते आणि आकारमानाने पाव हिश्शापर्यंत जास्त भरू शकते, तेव्हा ती मोजताना तेवढी वाढवून घ्यावी.

उदाहरणातल्या ओट्याला १.२ घनमीटर काँक्रीट लागते. त्यासाठी सुमारे १० पोती सिमेंट, अर्धा घनमीटरहून थोडी जास्त वाळू आणि साधारण १ घनमीटर खडी लागेल. एक पोते जादा ठेवावे, म्हणजे शेवटच्या कोपऱ्यासाठी काम थांबत नाही.

पाणी पोत्यामागे २५ ते २८ लिटर. वाळू ओली असेल तर यापेक्षा कमी. पाणी बादलीने मोजूनच घालावे, कारण नळी सोडली की प्रमाण हातात राहत नाही. पातळ काँक्रीट पसरायला सोपे जाते, पण जादा पाणी उडून गेल्यावर मागे बारीक छिद्रे राहतात, वर भुकटी सुटते आणि आकसणे वाढते. खोऱ्यावर घेतलेला माल ढीग धरून राहावा आणि खोरे हलवल्यावर हळूहळू बसावा.

टप्पा ८ : काँक्रीट ओतणे

काम सकाळी लवकर सुरू करावे. तापमान ५ अंशांच्या खाली जाणार असेल, कडक ऊन आणि वारा असेल किंवा पावसाची चिन्हे असतील, तर दिवस बदलावा. पाणी मिसळल्यापासून दीड तासाच्या आत माल जागेवर बसून दाबला गेला पाहिजे. घट्ट होऊ लागलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा वापरू नये.

दूरच्या टोकापासून सुरुवात करून मागे येत राहावे. माल जिथे हवा तिथेच टाकावा. एका जागी ओतून फावड्याने लांब ओढत नेला, तर खडी मागे राहते आणि मसाला पुढे जातो. कडेच्या फळ्यांपेक्षा १० ते १५ मिमी जास्त भरून व्हायब्रेटरने किंवा जड फळीने ठोकून माल बसवावा. कोपरे आणि भिंतीलगतच्या जागा सळईने वेगळ्या गोदाव्यात. मग सरळ पट्टी दोन्ही फळ्यांवर टेकवून, करवत चालवावी तशी मागेपुढे करत ओढावी. एक खण पूर्ण झाल्याशिवाय काम थांबवू नये. थांबावेच लागले, तर सांध्याच्या रेषेवर थांबावे.

पट्टी ओढल्यावर थोड्या वेळाने पृष्ठभागावर पाण्याची चकाकी येते. ती पूर्ण जाईपर्यंत हात लावू नये. या वेळी थापी फिरवली किंवा कोरडे सिमेंट भुरभुरले, तर वरचा २–३ मिमीचा पापुद्रा कमकुवत होतो आणि पुढे फरशीचा मसाला त्या पापुद्र्यासकट उचलून येतो. चकाकी गेल्यावर लाकडी रंध्याने सारखे करून, उताराच्या आडव्या दिशेने कडक झाडू फिरवावा. या थराला गुळगुळीतपणा नको आहे. त्याच्या खरखरीतपणावरच मसाला पकड घेतो.

सांधा ओल्या काँक्रीटमध्ये पट्टीने दाबून काढता येतो किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत कटरने कापता येतो. त्याची खोली जाडीच्या किमान चौथा भाग, म्हणजे २५ मिमी असावी. उशीर केला, तर काँक्रीट स्वतःच भेगेची जागा निवडते.

टप्पा ९ : पाणी मारणे

अंगठा दाबून ठसा उमटेनासा झाला, की ओले गोणपाट अंथरून त्यावर प्लास्टिक टाकावे. साधे सिमेंट असेल तर किमान सात दिवस आणि फ्लाय अॅश किंवा स्लॅग मिसळलेले सिमेंट असेल तर किमान दहा दिवस पृष्ठभाग अखंड ओला राहिला पाहिजे. सकाळ-संध्याकाळ नळीने फवारा मारणे पुरेसे नाही, कारण दुपारभर काँक्रीट वाळत राहते. उतार असल्यामुळे एकच आळे करून पाणी ठरत नाही. आळी करायचीच असतील, तर उताराला आडवे असे मसाल्याचे छोटे बांध दर अर्ध्या मीटरवर घालावेत.

टप्पा १० : फरशीआधीची तपासणी

फरशीसाठी किमान दोन आठवडे थांबावे. मोठ्या मापाच्या किंवा पाणी न शोषणाऱ्या फरश्या असतील, तर २८ दिवस थांबणे योग्य.

लांब सरळ पट्टी सगळ्या दिशांनी ठेवून पाहावी. खाली ५ मिमीपेक्षा जास्त फट दिसली, तर तो भाग आधी दुरुस्त करावा. मग घराच्या बाजूने दोन-तीन बादल्या पाणी ओतून ते कुठे थांबते ते पाहावे आणि थांबलेल्या जागांभोवती खडूने वर्तुळ काढावे. काँक्रीटवर जिथे पाणी थांबते, तिथेच मसाला नकळत जाड होतो. वर दुधट पापुद्रा असेल, तर तारेच्या ब्रशने घासून तो पूर्ण धुवावा.

शेवटी सांध्याची रेषा दोन्ही टोकांना कडेच्या भिंतींवर ठळक खूण करून दाखवावी. भिंतीलगतच्या फोमच्या पट्ट्या काँक्रीटच्या माथ्यावर ७० मिमी उभ्या असतील, तर त्या तशाच राहू द्याव्यात. साफसफाई म्हणून त्या काँक्रीटच्या पातळीला कापल्या गेल्या, तर फरशी बसवणारा तिथे मसाला भरून मोकळा होतो आणि खाली जपलेला सांधा वरून बंद होतो.